डावा ब्रेक लाइट

रविवार, रात्र

काल धाकटा भाऊ बाईकवरून माझ्या गाडीमागेच येत होता. घरी आल्या आल्या म्हणाला, "दादा, तुझा डावा ब्रेक लाइट नीट पेटत नाही. शिवाय ब्रेक दाबलास की शेजारचा इंडिकेटर मिणमिणतो. तू थांबतोयस की वळतोयस, मला कळेचना." पोटात धस्स झालं. किती दिवस असा फिरत होतो कोण जाणे! पुढचा दिवा गेला तर आपल्याला लगेच कळतं. मागचा फक्त मागच्याला दिसतो, आणि त्याचा घोळ झाला तर आपटतोही तोच.

आज सकाळी डिकी उघडून बसलो. आधी बल्ब बदलला. यात दोन फिलामेंट असतात, 21 वॉटचं ब्रेकसाठी आणि 5 वॉटचं टेल लाइटसाठी. बुडाशी दोन बाजूंना दोन खुंट्या असतात, त्या मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या, म्हणजे बल्ब उलटा बसत नाही. दाबून फिरवला, बसला. उजेड मात्र तसाच मरतुकडा. उजवा दिवा लख्ख पेटत होता, म्हणजे फ्यूज आणि पेडलचा स्विच ठीक.

मग भावाला पेडल दाबून बसवलं आणि व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. रिकाम्या होल्डरमध्ये मोजलं तर व्यवस्थित 12 व्होल्ट. इथे तासभर गेला. बल्ब नसला की करंट वाहत नाही, त्यामुळे कुजलेला जोडही मीटरला धडधाकट दिसतो, हे उशिरा लक्षात आलं. बल्ब लावून पुन्हा मोजलं, जेमतेम 5. मीटरचं लाल टोक तिथेच ठेवून काळं गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं, तर परत 12! वीज येत होती, तिला परत जायला वाट नव्हती. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतायची जोडणी, गेलं होतं.

मिणमिणण्याचं कोडंही तिथेच सुटलं. ब्रेक आणि शेजारचा इंडिकेटर, दोन्ही बल्बांची अर्थची वायर एकच. ती अडली की करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमार्गे आपली वाट काढतो. हे उमगलं तेव्हा झालेला आनंद दिवा पेटल्यापेक्षा मोठा होता, खरंच.

डिकीचं अस्तर सोडवलं. वायर जिथे बोल्टने पत्र्याला आवळली होती, तिथे हिरवट पूड साचलेली आणि खाली गंज. बॅटरीची निगेटिव्ह काढली, बोल्ट सोडवला, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासला. बोल्ट घट्ट आवळून वरून ग्रीस लावलं.

अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली आणि ब्रेक दाबला. आरशात भिंतीवर दोन लाल डाग दिसले. भाऊ मागे उभा होता. म्हणाला, "दोन्ही सारखे, दादा. इंडिकेटर बंद."

उद्या उजव्या बाजूचाही बोल्ट उघडून बघणार आहे. ओल तिथेही पोचली असणार.