पर्यावरणाची फाईल मागू नका, मिळणार नाही

सध्या नाशकात जो तो जुन्या गोदावरीबद्दल बोलतोय. कुंभ तोंडावर आलाय, तपोवनातल्या झाडांवरून आंदोलनं झाली, घाटावरच्या काँक्रीटवर रोज कोणीतरी पोस्ट टाकतं, आणि सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं की पूर्वी इथं असं नव्हतं. बरं मग कसं होतं? कागद दाखव म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो येतो ज्याच्यावर साधं सालसुद्धा नसतं.

कागद असला तर काय होतं ते आपल्याच गावात बघितलंय की. 2002-03 च्या कुंभाच्या वेळी गोदापात्रात काँक्रीट ओतलं गेलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, ती मोकळी करा म्हणून प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तेव्हा उपयोगी पडला तो भूमी अभिलेखचा 1917 चा नकाशा, कारण त्यात सतरा कुंडं दाखवलेली आहेत. सतरा कुंडं होती असं आमच्या आजीने सांगितलेलं कोर्टात चालत नाही, नकाशा चालतो.

तर ज्यांना जुने सरकारी कागद खरंच खणून काढायचेत त्यांच्यासाठी लिहितोय. पहिली गोष्ट, रेकॉर्ड ऑफिसात जाऊन पर्यावरणाची कागदपत्रं द्या म्हणू नका. इंग्रजांच्या काळात पर्यावरण नावाचं खातंच नव्हतं, महसूल होता, जंगल होतं, बांधकाम होतं, पोलीस होते. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, या गोष्टीचा ताप तेव्हा कुठल्या साहेबाच्या डोक्याला होता? त्याच्या खात्यात शोधायचं. बस.

उदाहरणार्थ पेठ आणि सुरगाणा. आज दोन्ही शेजारशेजारचे तालुके, डोंगर तेच, पण कागदांच्या हिशोबात दोन वेगळी जगं. पेठ संस्थान 1878 ला खालसा झालं, म्हणजे त्याच्या आधीचं जे काही आहे ते संस्थानांचे व्यवहार बघणाऱ्या पोलिटिकल डिपार्टमेंटच्या बाडांत बघायचं, नंतरचं महसूल आणि जंगल खात्यात. आणि 1878 लाच नवा जंगल कायदा आला हे विसरू नका, राखीव जंगल, संरक्षित जंगल, चराईची मनाई, लाकूड तोडलं म्हणून दंड हे सगळं तिथून पुढे. सुरगाणा मात्र 1948 च्या विलीनीकरणापर्यंत संस्थानच राहिलं, त्यामुळे तिथल्या सागाचं काय झालं हे जिल्ह्याच्या महसुली कागदांत शोधत बसलात तर फार काही हाती लागणार नाही.

आता दारणा, गोदावरीची उपनदी. हा विषय माझ्या जवळचा, कारण दरवर्षी पाऊस कमी झाला की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा सुरू होतं, जायकवाडीला किती सोडायचं, या पाणीवाटपावरची मेंढेगिरी समिती काय म्हणाली, वगैरे. पण मुळात हे पाणी कोणासाठी अडवलं होतं? दारणा धरण 1916 चं. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि तिथून कोपरगाव-राहात्याकडे जाणारे कालवे हे सगळं एकाच योजनेतलं, आणि त्याच्या मागे आहेत 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ. म्हणजे दारणेचे कागद बघायचे असतील तर आधी दुष्काळाचे बघा, मग 1901 ते 1903 च्या सिंचन आयोगाचे छापील खंड, मग मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याची पाटबंधारे शाखा. याच बांधकाम खात्यात विश्वेश्वरय्या 1884 ला असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले ते नाशकात, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये. आणि गंमत बघा, आज नांदूर मधमेश्वर म्हणजे पक्षी अभयारण्य, महाराष्ट्रातली पहिली रामसर साईट म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, पण त्याचा जन्माचा दाखला पक्ष्यांच्या नाही, उसाच्या आणि दुष्काळाच्या कागदांत आहे.

हे सगळं मुख्यतः मुंबईत आहे, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेख संचालनालय. तिथं जाताना ओळखपत्र, संशोधनाचं पत्र, आणि भरपूर वेळ घेऊन जा. आधी इंडेक्स बघायचा, खातं, साल, व्हॉल्यूम नंबर, कंपायलेशन (एका विषयाचे एकत्र बांधलेले कागद) नंबर असं लिहून मागणीचा कागद द्यायचा, मग बाड टेबलावर येतं. पानं कडेने इतकी ठिसूळ झालेली असतात की उलटताना बिस्किटासारखी तुटतात, म्हणून तळहातावर घेऊन उलटायची, कोपऱ्याला धरून नाही. आणि मधला सुवाच्य इंग्रजी अहवाल वाचून थांबू नका. खरा मजकूर बऱ्याचदा मागे जोडलेला असतो, गावकऱ्यांचा मोडीतला अर्ज, खाली अंगठे किंवा नांगराची निशाणी, आणि समासात कोणा कलेक्टरने दोन ओळीत तो फेटाळलेला. म्हणून मोडी शिका. खरंच शिका, वर्ग भरतात, पुस्तकं मिळतात. पेशवाईतलं नाशिक हवं असेल तर पुण्याला पेशवे दप्तर, आणि तिथं मोडीशिवाय रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडूनसुद्धा उपयोग नाही.

राजकीय इतिहास वेगळा आणि पाण्याचा वेगळा असं धरून चालणारे मला कधी कळलेच नाहीत. काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, त्याची कागदपत्रं गृह खात्याच्या स्पेशल शाखेत. पण ती वाचताना 1923 चा बोले ठराव शेजारी ठेवा, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा, म्हणजे रामकुंडाचं पाणी कोणाचं हा प्रश्न पोलिसांच्या फाईलीत का सापडतो ते लगेच कळतं. यातलं बरंच काही राज्य सरकारने छापलेलं पण आहे, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीच्या साधनांचा खंड 1982 ला आलाय, त्यामुळे मुंबईच्या तिकिटाआधी ते वाचून घ्या.

घरबसल्या काय? 1883 चं नाशिक गॅझेटिअर फुकट ऑनलाईन आहे, जंगल, नद्या, पिकं सगळं त्यात, फक्त ते सरकारच्या नजरेने लिहिलंय हे डोक्यात ठेवून वाचायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, तिथं नाशिक शोधताना इंग्रजांचं जुनं स्पेलिंग टाका, नाहीतर निम्मं सुटेल. जुने फेरफार, हक्कनोंदी यांच्यासाठी आपले अभिलेख पोर्टल, त्यात नाशिक जिल्हा आहे. धरणात कोणाची जमीन गेली हे अहवालापेक्षा फेरफारात जास्त स्पष्ट दिसतं. आणि गावातल्या गावात सार्वजनिक वाचनालय, 1840 पासूनचं, तिथं जुने ग्रंथ आहेत. 1969 च्या पुरासारख्या गोष्टींना जुनी वर्तमानपत्रं लागतातच, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात, तो कुठपर्यंत बुडाला हे तिथल्या बातमीदाराने लिहिलेलं असतं, खात्याच्या अहवालात फक्त क्युसेक.

एका सरकारी ऑफिसात मला सांगितलं की साहेब ते सगळं ‘ड’ वर्गाचं होतं, गेलं. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड वर्ग असतात, ‘अ’ कायमचं, ‘ब’ तीस वर्षं, आणि ‘ड’ साधारण वर्षभरात बाद. आता विचार करा, कारखान्याचं पाणी ओढ्यात येतंय असा एखाद्या गावाचा अर्ज कुठल्या वर्गात जात असेल? जमीन संपादनाचा निवाडा टिकतो, विहीर नासली म्हणून केलेली तक्रार रद्दीत. म्हणून सत्तरच्या दशकानंतरच्या विषयावर काम करणाऱ्यांनी मुंबई-पुण्याच्या आधी तालुक्याच्या सरकारी ऑफिसात जावं. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, अंदाजे साल आणि कुठल्या शाखेचा कागद ते नीट लिहायचं, मोघम लिहिलं की उत्तर येतं ‘आढळून येत नाही’. तसं आलं तर माहिती अधिकारात त्या कागदाचा वर्ग कोणता होता आणि नष्ट केल्याची नोंद द्या असं मागायचं. ती नोंद मिळाली तर निदान कागद होता एवढं तरी सिद्ध होतं, आणि त्याची एखादी प्रत वरच्या ऑफिसात गेली असेल तर आवक-जावक रजिस्टर धरून तिच्या मागे जाता येतं.