तुम्ही विचारलंत म्हणून: बडोदं सोडून कच्छमध्ये घर का घेतलं?

गेल्या वर्षभरात मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं एकदा बसून नीट लिहावंच. लग्नात भेटलेल्यांनी विचारलं, बँकेतल्या मुलीने विचारलं, सयाजीबागेत सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपने तर तीनतीनदा विचारलं, आणि सुरुवात सगळ्यांची एकच, "अहो पण काकू, वाळवंटात?" प्रश्न बरोबरच आहे. आमची तिसरी पिढी बडोद्यात. सासरे दांडिया बाजारात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, हे तिथेच वाढले, कलाभवनात इंजिनिअरिंग केलं (१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी काढलेलं ते कलाभवन, आम्ही अजून तेच नाव घेतो), मग बडोद्यातच अकोट्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, पोरगी तिथेच मोठी झाली. गणपती, हळदीकुंकू, सेव-उसळ, सुरसागर तळ्याच्या कठड्यावरच्या गप्पा, सगळं जगून झालंय. असं असताना रात्रभराच्या प्रवासाएवढ्या लांब, भुजजवळच्या माधापरमध्ये घर कशाला?

तर ऐका.

ह्यांचे कलाभवनातले एक मित्र मूळचे भुजचे. तीस वर्षं बडोद्यात नोकरी केली, आमच्याच बाजूच्या गल्लीत राहिले, आणि रिटायर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सामान भरून नवरा-बायको परत कच्छला गेले. आम्हाला ते फार लागलं होतं, कारण भाभी आणि मी रोज संध्याकाळी एकमेकींकडे जायचो, फोन करून नाही, नुसत्या चपला घालून. ते गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत मी असं न विचारता एकाही घरी जाऊ शकत नाही. माणसं वाईट नाहीत कोणी, पण दारं बंद असतात, आणि बेल वाजवायची म्हणजे आधी कारण लागतं.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे आठ दिवस राहायला गेलो. सयाजीनगरी एक्स्प्रेसने रात्री बडोद्याला बसायचं आणि पहाटे भुजला उतरायचं, आमच्याच गावाच्या नावाची गाडी आहे म्हणून मला ती उगाच जवळची वाटते. मित्र स्टेशनवर मफलर गुंडाळून उभे, भाभी घरी दारात, "अचो अचो" करत. म्हणजे या, या. कच्छी ही गुजरातीपेक्षा वेगळी भाषा, सिंधीला जवळची, लिहितात गुजराती लिपीत. मला अजून निम्मीच कळते.

आठ दिवसांत त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. भुजहून खावड्याकडे जाताना रस्त्यात कर्कवृत्ताची पाटी लागते, तिथे सगळे उतरून फोटो काढतात, आम्हीही काढला. पुढे पांढरं रण. रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते ना, तर तिथे वाळू नाहीच, मीठ आहे. पावसाळ्यात तो सगळा पट्टा पाण्याखाली जातो आणि पाणी आटलं की खाली मिठाचा थर राहतो, पायाखाली कुरकुर वाजतो. आणि काळो डुंगर, कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, त्याच्या माथ्यावर चक्क दत्ताचं देऊळ! मला माहीतच नव्हतं. आरती झाली की पुजारी भाताचा प्रसाद ओट्यावर ठेवून "लोंग, लोंग" अशी हाक मारतो आणि खालच्या झुडपांतून कोल्हे येऊन खाऊन जातात. दत्तगुरूंनी भुकेल्या कोल्ह्यांना स्वतःचं अंग देऊ केलं, "ले अंग" म्हणाले, त्याचं लोंग झालं अशी कथा तिथे सांगतात. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या गुरुवार पाळतात, त्यामुळे मी तिथे हात जोडून बराच वेळ उभी राहिले, आणि खरं सांगते, ह्या मातीशी आपलं काहीतरी आहे हे मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

पण देऊळ आवडलं म्हणून कोणी घर घेत नाही. डिसेंबरात कच्छ कोणालाही आवडेल हो, सगळी टुरिस्ट मंडळी तेव्हाच येतात. परतताना गाडीत हे म्हणाले, इथे राहता येईल का गं आपल्याला? मी म्हटलं, मे महिन्यात येऊ आणि मग बोलू.

तिकडे एक जुनी म्हण आहे, शियाळे सोरठ भलो, उनाळे गुजरात, चोमासे वागड भलो, कच्छडो बारे मास. हिवाळ्यात सौराष्ट्र बरा, उन्हाळ्यात गुजरात, पावसाळ्यात वागड, पण आमचं कच्छ बाराही महिने. मित्र ही म्हण येताजाता म्हणायचे, मग मीही म्हटलं की बारे मास म्हणता ना, दाखवा मे. भाभी फोनवर नको नको म्हणत होत्या, पाहुण्यांना अशा उन्हात बोलवायचं त्यांना जिवावर आलं होतं. तरी २०२४ च्या मेमध्ये आम्ही पंधरा दिवस राहिलो, आणि जे काही ठरलं ते त्या पंधरा दिवसांत ठरलं.

४२, ४३ डिग्री. सकाळी साडेपाचला उठून सगळी बाहेरची कामं, भाजी, बँक, चालणं. अकरा वाजले की दारंखिडक्या बंद, जाड पडदे, जेवण, झोप, पाच वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. धूळ इतकी की पोळपाट रोज दोनदा पुसायचा. पण सूर्य कलला की मांडवीच्या बाजूने वारा सुटतो, समुद्र तिकडे साठेक किलोमीटरवर, आणि तो वारा रात्रभर थांबत नाही. अंगणात खाटा टाकून झोपायचं. बडोद्यात मे महिन्यात मध्यरात्री घाम पुसत बसणं हे इतकं अंगवळणी पडलं होतं की उन्हाळ्यात पहाटे पांघरूण ओढावं लागतं ह्याच्यावर माझा दोन दिवस विश्वास बसला नाही.

आणि पाणी. ह्याच्याबद्दल सविस्तर लिहिते कारण लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात. नळाला नर्मदेचं पाणी येतं, तीच आपली नर्मदा, जिचा मुख्य कालवा बडोद्याच्या बाजूने जातो, तीच इतक्या लांब पोचते. पण भाभींच्या घरी पिण्याचं पाणी टांक्यातलं. टांको म्हणजे अंगणाखाली बांधलेली बंद टाकी, छतावरचा पाऊस पाइपने त्यात उतरतो. पहिल्या पावसाचं पाणी आत घेत नाहीत, छत धुऊन निघालं की मगच पाइप टाक्याकडे वळवतात. एका दुपारी भाभींनी झाकण उघडून मला आत बघायला लावलं. खाली काळोख, गार ओलसर वास, आणि दोरी लावलेली कळशी बुडताना आलेला तो डुबुक आवाज. वर आलेलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून दिलं. मे महिन्याचं पाणी, मागच्या वर्षीच्या पावसाचं, आणि त्याला कसलीच चव नव्हती, चांगल्या पाण्याला नसते तशी. मग त्यांनी तांदूळ धुतले आणि ते धुवण अळूच्या कुंडीत घातलं, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला. कोणाला दाखवायला नाही, बोलताबोलता हात आपोआप तिकडे वळत होते.

हे हिशोबी माणूस, लगेच कागद घेऊन बसले. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ८० चौरस मीटर छत, वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटर धरला (तिथे सरासरी त्याहून थोडी जास्त आहे पण काही वर्षं फार वाईट जातात) तर २४ हजार लिटर, गळती-बाष्पीभवन वजा करून १९ हजार. दोघांचं पिणं आणि स्वयंपाक रोज २० लिटर, वर्षाला ७,३०० लिटर. म्हणजे १५ हजारांचा टांका एकदा भरला की एखादं वर्ष कोरडं गेलं तरी प्यायला पाणी आहे. बडोद्यात ह्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, ह्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बडोद्याला पूर आला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ च्याही वर गेली, मगरी वस्तीत शिरल्या, तुम्ही सगळ्यांनी ते व्हिडिओ बघितलेत. आमच्याकडे पार्किंगमध्ये छातीभर पाणी, वीज गेलेली, लिफ्ट बंद, ह्यांचा गुडघा तेव्हा इतका सुजलेला की तीन जिने उतरणं शक्यच नव्हतं. तीन दिवस आम्ही वरच. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाने दूध आणून दिलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण आमची खबर घ्यायला दिवसातून चार वेळा फोन येत होता तो भुजहून. तिसऱ्या दिवशी फोनची बॅटरी संपत आलेली, तेव्हा मित्र एवढंच म्हणाले, "आता बस झालं, आमच्या गल्लीत एक घर आहे, बघून ठेवलंय."

माधापरला अशी घरं बरीच आहेत. गावातली निम्मी मंडळी लंडन-नैरोबीला, बँकांत भरपूर पैसा आणि दाराला कुलूप. हे घर एकमजली, तीन खोल्या, अंगणात कडुलिंब, टांका आधीपासून. मालक परदेशात, म्हणून कागद करताना एक गोष्ट शिकलो ती सांगून ठेवते, विकणारा एनआरआय असेल तर टीडीएस कापून भरायची जबाबदारी आपली असते आणि तो आपल्याकडच्या नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आमच्या दलालाने हे सांगितलंच नाही, वकिलाने सांगितलं म्हणून वाचलो. पॉवर ऑफ अटर्नीचा कागदही वकिलालाच वाचायला द्या.

दुसरं, भूकंप. पोरीचा पहिला प्रश्न तोच होता. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, बडोद्यात आमचं देवघरसुद्धा हललं होतं, आणि मित्रांनी त्या दिवशी भुजमध्ये काय काय गमावलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यामुळे घर पसंत पडल्यावर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर नेला. २००१ नंतरचं बांधकाम, जोत्याला, दारंखिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे, कोपऱ्यांत उभी सळई, हे सगळं त्याने तपासलं, नकाशे मागवून घेतले, मगच आम्ही बयाणा दिला. बन्नीतले, म्हणजे भुजच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यातले भुंगे, तिथली मातीची गोल घरं, त्या भूकंपात बरेच टिकले, भिंत गोल असली की धक्का सगळीकडे वाटला जातो असं त्याने समजावलं. आमचं घर चौकोनीच आहे, पण पट्टे आहेत.

डॉक्टरचं म्हणाल तर भुजला जी. के. जनरल हॉस्पिटल पाच-सहा किलोमीटरच्या आत, पण मोठं काही निघालं तर अहमदाबाद, आणि ते सव्वातीनशे किलोमीटर, ह्यावर पोरगी आणि मी अजूनही सहमत नाही. तिची काळजी खोटी नाही. बडोद्याचा फ्लॅट आम्ही विकलेला नाही त्याचं एक कारण हेच. गणपतीचे दहा दिवस आम्ही तिथेच असतो, ते मला सोडवणार नाही.

आणि मराठी माणसं भेटतात का? फार नाही. मराठी बोलायला मी आणि हे. पण माधापर ज्या बायकांचं गाव आहे ते मला पुरतं. १९७१ च्या डिसेंबरात बाँब पडून भुजची धावपट्टी उखडली तेव्हा इथल्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत ती परत बांधून दिली, गावात त्यांचं स्मारक आहे, सकाळी चालायला जाते तेव्हा मी त्यावरून जाते. आजच्या आज्याही तशाच, तुम्ही नवीन आहात म्हणून लांबून बघत नाहीत, थेट अंगणात येऊन बसतात. जूनमध्ये एकीने खारेक आणून दिली, मी म्हटलं खारीक ठाऊक आहे, तर ती ओली निघाली, लालचुटुक, सफरचंदासारखी कडक. मी आता दर वर्षी लोणचं घालणार आहे तिचं.

२०२५ च्या होळीनंतर आम्ही राहायला आलो. भाभींचं घर आमच्या घरापासून सहा दारं सोडून. पहिल्या संध्याकाळी त्या आल्या, बेल न वाजवता, हातात त्यांच्या घराची एक जादा किल्ली, ती माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला स्वतःच अडकवली आणि विचारलं, चहा टाकलास का?

पहिला पाऊस आला तेव्हा हे गच्चीवर पाइपापाशी उभे, मी खाली टाक्यापाशी, आणि भाभी छत्री धरून दोघांवर ओरडत की अजून वळवू नका, छत धुऊ द्या. वीस मिनिटांनी पाइप वळवला. आत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला तसं मित्रांनी बांबूची खुणा केलेली काठी आत सोडली, आमच्या टाक्यासाठी त्यांनी ती आधीच करून ठेवली होती. त्या दिवशी चार बोटं भरलं. सप्टेंबरपर्यंत वरून तिसऱ्या खुणेला लागलं.

आता ज्यांना यायचंय त्यांनी खुशाल या, एक खोली रिकामी आहे. फक्त डिसेंबरात नको, मेमध्ये या.