तो बरा आहे, म्हणूनच बसवलाय

मार्चच्या शेवटी परीक्षा आटोपून बहीण आणि भाचा पुण्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात फॉल्समला आले. भाचा तेरा वर्षांचा, डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉल खेळतो. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "मामा, तिकिटं नक्की काढलीयेस ना?" काढली होती, जानेवारीतच. सॅक्रामेंटोच्या गोल्डन वन सेंटरमधली, अगदी वरच्या मजल्यावर, शेवटून तिसरी रांग. तीन तिकिटांचे साडेपाचशे डॉलर. रुपयांत किती झाले, असं बहिणीने विचारलं तेव्हा मी चहा टाकायला उठलो.

आमचा घरचा संघ सॅक्रामेंटो किंग्ज. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिले सामने झाले, त्यातला एक संघ हाच. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींना किंग्जबद्दल उगाचच माहेरची माया आहे. पण भाचा किंग्जसाठी आला नव्हता. त्याला बघायचा होता पाहुण्या संघातला एक खेळाडू. नाव लिहीत नाही, लिहिलं की निम्मे वाचक त्याचं वकीलपत्र घेऊन उभे राहतील. एवढंच सांगतो की तो पूर्वेकडच्या संघातला, आणि पूर्वेचे संघ आमच्याकडे सीझनमध्ये एकदाच येतात. म्हणून त्या रात्रीचं तिकीट एरवीच्या अडीचपट.

सामन्याच्या दिवशी दुपारी आम्ही पोहे खात होतो आणि भाच्याच्या फोनवर कोण खेळणार नाही याची यादी आली. त्या खेळाडूच्या नावापुढे लिहिलं होतं, खेळणार नाही. कारण? डावा गुडघा, दुखापत व्यवस्थापन. आदल्याच रात्री हा गृहस्थ लॉस एंजेलिसला छत्तीस मिनिटं खेळला होता आणि शेवटी दोघांच्या डोक्यावरून उडी मारून त्याने चेंडू रिंगमध्ये कोंबला होता, तेही आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. व्यवस्थापन उत्तम चाललं होतं म्हणायचं.

सलग दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्रीची यादी अशी ऐन दिवशी लागते. तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. तिकीट विकता येतं, पण कोणाला? तासाभरात आमच्या पुढच्या रांगेतलं तिकीट ॲपवर साठ डॉलरला आलं होतं. आपल्याकडे नाटकातला मुख्य नट आडवा झाला तर थिएटरबाहेर पाटी लागते, "अपरिहार्य कारणामुळे आजचा प्रयोग रद्द", आणि खिडकीवर पैसे परत. इथे प्रयोग होतोच. तिकिटावर दोन संघांची नावं छापलेली असतात, नटाचं नसतं. जाहिरातीत मात्र त्याचाच चेहरा.

पंचाईत अशी की प्रशिक्षकांचा हिशोब चुकीचा नाही. ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने, मग प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदाची बाद फेरी. तिथे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे, म्हणजे आणखी २८ सामन्यांपर्यंत मजल जाऊ शकते. एप्रिल तोंडावर आला आणि संघाची जागा पक्की झाली की मुख्य खेळाडूला झिजवून काय मिळणार? २०१८-१९ मध्ये टोरोंटोने क्वाय लेनर्डला ८२ पैकी ६० सामनेच खेळवलं आणि जूनमध्ये अजिंक्यपद घेतलं. त्यानंतर 'लोड मॅनेजमेंट', म्हणजे खेळाडूला मुद्दाम विश्रांती देणं, हा शब्द शिवी की शहाणपण, हा वाद काही मिटला नाही.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियोचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना सरळ घरी पाठवून दिलं. लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोकला. गंमत म्हणजे उरलेल्यांनी मायामीच्या तोंडाला फेस आणला, जेमतेम पाच गुणांनी हरले.

आणि उलट बाजू आमच्या गावाने बघितलीय. जानेवारी २०२३ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स बॉस्टनला जादा वेळेपर्यंत लढले आणि दुसऱ्या रात्री क्लीव्हलँडला स्टेफ करीसकट चार प्रमुख खेळाडू बसवून ठेवले. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी प्रेक्षकांबद्दल वाईट वाटतं असं सांगितलं. ८२ चे ७२ सामने करा हा त्यांचा आग्रह आहेच. सामना ते जिंकलेही, पण क्लीव्हलँडला करी बघायला आलेल्या पोरांना त्याचं काय? तीन महिन्यांनी हाच करी सॅक्रामेंटोत पहिल्या फेरीचा सातवा सामना खेळायला आला. किंग्ज १६ सीझननंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचले होते. त्याने ५० गुण केले आणि आम्हाला घरी पाठवलं. जानेवारीतल्या एका रात्रीच्या विश्रांतीमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण ऑफिसातले माझे एक सहकारी, तीस वर्षांचे किंग्जभक्त, तेव्हापासून म्हणतात, आमच्या पोरांना हवं तितकं झोपवा, फक्त मला एप्रिलनंतर सामना बघायला मिळू दे. त्यांच्याकडे सीझनचं तिकीट आहे, घरचे सगळे ४१ सामने. भाच्याकडे एक होता.

लीगलाही हे कळतं. २०२३ पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी साधारण ६५ सामने खेळायची अट आहे. ८२ मधून ६५ गेले, उरले १७. आमचा त्या १७ मधला. अशा विश्रांतीने दुखापती कमी होतात असं आकडेवारीत दिसत नाही, असा अहवालही लीगनेच २०२४ च्या सुरुवातीला पुढे केला. तिकिटं आणि टीव्हीचे हक्क विकणाऱ्याचा अहवाल, तेव्हा मी त्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. शिवाय बुमरा २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोट्या खेळला तेव्हा मी त्याच्याच बाजूने भांडलो होतो. फरक इतकाच की तीनच खेळणार, हे दौऱ्याआधी सांगितलं होतं. मला विश्रांतीचा राग नाही, पोह्यांच्या वेळेला कळण्याचा आहे.

तरी गेलो. फॉल्सममधून लाइट रेल पकडली. डब्यात त्याच्या नावाची जर्सी घातलेली पाच-सहा मुलं, सगळ्यांचे चेहरे दहावीच्या निकालासारखे. आत पोचलो तर तो होता! राखाडी हुडी घालून बाकावर, शेजाऱ्याशी हसत, पायाने ताल धरून. ही त्याची मेहरबानी नव्हे. धडधाकट खेळाडूला विश्रांती दिली तर तो प्रेक्षकांना दिसला पाहिजे, असा २०२३ चा नियमच आहे. दर्शनाची सोय, प्रसाद नाही.

भाच्याने फोन झूम करून फोटो काढला आणि पुण्याला आबांना पाठवला. तिकडे सकाळ. लगेच उत्तर आलं, "बसलाय का? बरं नाही का त्याला?"

भाच्याने लिहिलं, "बरा आहे आबा. म्हणूनच बसवलाय."

त्याच्या जागी एक पोरगेलासा, डावखुरा खेळाडू उतरला. नाव आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या क्वार्टरपासून त्याने असा काही धडाका लावला की भाचा उभा राहून ओरडायला लागला आणि मागच्या बाईंनी त्याला खाली बसवलं. शेवटी किंग्ज जिंकले, जिंकल्यावर सोडतात तो जांभळा झोत छतावरून आकाशात गेला. परतीच्या गाडीत भाचा झोपला. हुडीवाल्याचं नाव त्याने रात्रभरात पुन्हा काढलं नाही, बहिणीने मात्र दोनदा काढलं.

आता मी तिकीट काढताना आधी बघतो, पाहुणा संघ आदल्या रात्री कुठे खेळतोय. खेळत असेल तर पुढची तारीख. देशभर टीव्हीवर दिसणारा सामना असेल तर उत्तम, कारण तिथे मोठ्या खेळाडूंना उतरवण्याबद्दल लीग कडक आहे. आणि मार्च-एप्रिल नकोच. सीझन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो, तेव्हा कोणी दमलेलं नसतं. बहिणीला विचारून ठेवलंय, शाळेला दिवाळीची सुट्टी नक्की कधी लागते.