कटी सार्कच्या तळाखालून

आज लंडनमधल्या ग्रिनिचला ‘कटी सार्क’ हे चीनचा चहा आणणारं जुनं शिडाचं जहाज बघून आले. जहाज उचलून धरलंय, त्यामुळे चक्क तळाखालून फिरता येतं. डोक्यावर सोनेरी झाक असलेला धातूचा पत्रा, वर चढलं की लोखंडी फासळ्या आणि त्यांवर बसवलेल्या लाकडी फळ्या. शिडाच्या जहाजाची कारागिरी इतकी पुढे गेली होती, आणि नेमकी तेव्हाच तिची वेळ संपत आली होती. सुएझ कालवा खुला झाला १७ नोव्हेंबर १८६९ला, हे जहाज पाण्यात उतरलं २२ला!

तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांवर शिडांचं भागत नाही, म्हणून चीनचा चहा आणायला शिडाच्या जहाजांना आफ्रिकेचा वळसा चुकेना. आगबोटी मात्र कालव्यातून थेट. त्यांचं मोठं दुखणं होतं कोळसा, तो मालाचीच जागा खायचा. १८६६च्या सुमारास आल्फ्रेड होल्टने एका सिलिंडरमध्ये वापरलेली वाफ दुसऱ्यात पुन्हा वापरणारी इंजिनं चीनच्या मार्गावर आणली, आणि कोळसा बराच वाचला. माझ्या मते खरा निकाल तिथेच लागला, कालव्याने फक्त घाई केली.

१८७७नंतर ‘कटी सार्क’ने चहा नेला नाही. पण ऑस्ट्रेलियाची लोकर आणताना ती अशी काही धावली, की वाचताना अंगावर काटा आला. दक्षिणेकडचे जोरदार पश्चिमी वारे तिला हवे तसे मिळाले. जुलै १८८९मध्ये तर तिने ‘ब्रिटानिया’ या नव्या टपाल-आगबोटीला भर समुद्रात, रात्रीच्या अंधारात मागे टाकलं. नुसत्या वाऱ्यावर!