तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार आणि धंदा घटनेनंच वेगळे करावेत का?

तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत गाठतो, एसटीत गाठतो, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा सोडत नाही. "सर, न्यायालय नि सरकार घटनेनं वेगळं केलं ना? मग सरकार नि धंदा का नाही? टाका एक कलम, विषय संपला." विचारणारा बहुतेक वेळा कुठल्यातरी टेंडरवर चिडलेला असतो. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायची सोय, रद्द केले, त्या आठवड्यात तर मला चहासुद्धा विकत घ्यावा लागला नाही. (मास्तर आहे, एक दुरुस्ती केल्याशिवाय राहवत नाही: कलम ५० मध्येही भिंत बांधलेली नाही. न्यायव्यवस्था वेगळी करायला राज्यानं पावलं उचलावीत, एवढंच आहे. मार्गदर्शक तत्त्व.)

माझं उत्तर सुरू होतं ते कापसापासून.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं. तेव्हा जिल्हा धुळे. नंदुरबार वेगळा व्हायला १९९८ उजाडलं. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारी केंद्रावर द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. योजनेमागचा हेतू खोटा नव्हता, व्यापारी लुटत होतेच. पण केंद्रावर भाव ठरवणारं सरकार, प्रत ठरवणारा ग्रेडर सरकारचा, काटा सरकारचा, आणि तक्रार ऐकणारा साहेबही त्याच टेबलामागे. एका वर्षी आमच्या आबांचा पहिल्या वेचणीचा कापूस ग्रेडरनं फरतडीत, म्हणजे हलक्या प्रतीत, टाकला. दोन रात्री गाडीखाली झोपून नंबर लागला होता. आबा केंद्रप्रमुखाकडे गेले. त्यानं ग्रेडरलाच बोलावून विचारलं, "बरोबर आहे ना रे?" तो म्हणाला, बरोबर आहे. झाली सुनावणी. वर चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, उशिरा.

खेतिया आम्हाला जवळ. मध्य प्रदेश, म्हणजे एकाधिकार संपला. तिकडे भाव चढा असला की गावातल्या गाड्या रात्री निघायच्या. मी अकरावीत असताना एकदा आबांबरोबर गेलो. त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि बजावलं, हलू नको. नाका टाळून नाल्यातून गाडी घातली. थंडी मरणाची, पण मी हात खिशात घालेना, माळा वाजतील म्हणून. पलीकडच्या काठावर गाडी चढली तेव्हा आबा आहिराणीत हसत बोलले, "कापूस मना, नि चोर बी मीच!" (मना म्हणजे माझा.)

आता खेतियाचा व्यापारी देवमाणूस होता असं समजू नका. पैसे नगद द्यायचा, ते खरं. पण मूठभर कापूस दाबून बघायचा, "ओला आहे" म्हणायचा आणि क्विंटलमागे दोन किलो कटती धरायचा. आमचा कापूस कोरडा ठणठणीत. पण आबा भांडणार कशाच्या जोरावर? माल परत न्यायचा तर पुन्हा तोच नाला. दोन किलो त्यांनी सोडून दिले. इकडे एकच गिऱ्हाईक होतं म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाचंही फावलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग सरकारला धंद्यातून हाकलूनच द्यावं? योजना गेली, त्याला वीस वर्षांवर होऊन गेली. आता दिवाळीनंतर खेडा खरेदीवाले दारात टेम्पो घेऊन येतात, आणि भाव हमीभावाच्या खाली घसरला की हाच माणूस, जो मला घटनेत कलम टाकायला सांगत होता, विचारतो, "सर, सीसीआयचं केंद्र कधी सुरू होणार?" सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, सरकारचंच. कलम २९८ नं सरकारला व्यापार करण्याचा अधिकार दिलाय, म्हणून ते केंद्र उघडतं. पक्की भिंत बांधली तर हे दार पहिलं बंद होईल. सीसीआय आणि एकाधिकार यांत फरक इतकाच की सीसीआयला द्यायचा नसेल तर शेतकरी गाडी वळवू शकतो, आणि त्यासाठी बैलांच्या माळा काढाव्या लागत नाहीत.

भिंतीचा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन गेलाय, तोही खान्देशात बघायला मिळतो. सतराव्या शतकात धरणगावला ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. कापड घ्यायची, जहाजानं पाठवायची. १८१८ मध्ये तीच कंपनी खान्देशची राजा झाली. विकत घेणारा आणि शेतसारा वसूल करणारा एकच. १८३३ च्या कायद्यानं इंग्लंडच्या संसदेनं कंपनीचा व्यापार बंद केला: फक्त राज्य करा, दुकान मिटा. कागदावर याहून स्वच्छ फारकत कुठली? आणि १८५२ ला यावल, सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी जमीन मोजणीच्या विरोधात हजारोंनी जमले, तेव्हा त्यांच्यावर फौज घातली ती याच बिनव्यापारी कंपनीनं.

म्हणून 'सरकार' आणि 'धंदा' अशी दोन मोठी नावं घेऊन वेगळी करण्यात मला रस नाही. माझा प्रश्न लहान आहे: सही करणाऱ्याचा त्या कामात वाटा आहे का?

आणि इथे एक गंमत आहे, जी मी वर्गात दरवर्षी सांगायचो. १९५८ च्या आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ काढून बघा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तर सदस्यत्व जातं. आता १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा घ्या. आमदार-खासदारांसाठी त्यातही आधी असेच शब्द होते: स्वतः किंवा त्याच्या फायद्यासाठी दुसऱ्या कुणामार्फत, सरकारी कंत्राटात हिस्सा किंवा हितसंबंध. पुढे ते शब्द गेले. १९६६ पासून कलम ९ अ आहे, त्यात उरलं एवढंच की त्यानं स्वतः, आपल्या व्यापाराच्या ओघात, सरकारशी केलेलं कंत्राट चालू असता कामा नये. कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती. तेव्हा कंपनीनं घेतलेलं कंत्राट हे कंपनीचं, साहेबांचं नव्हे. पुढचं कलम १०: ज्या कंपनीत सरकारचं किमान पंचवीस टक्के भांडवल आहे, तिचा मॅनेजर किंवा सेक्रेटरी निवडणुकीला अपात्र. पण कंसात लिहिलंय, सहकारी संस्था सोडून. ज्या राज्यात साखर कारखान्यांना आणि सूतगिरण्यांना सरकार भागभांडवल देतं, कर्जाला हमी देतं, तिथे त्या कंसाची किंमत काय, हे खान्देशातल्या माणसाला मी सांगायला नको.

म्हणजे गावातल्या गटारीच्या कामाला जी चाळणी, ती विधानसभेला नाही. वर जाल तशी जाळी मोठी.

तेव्हा घटनेत काही घालायचंच असेल, तर मी एवढंच घालीन: कलम १०२ आणि १९१ मध्ये, जिथे खासदार-आमदारांसाठी लाभाच्या पदाची अपात्रता आहे, तिथेच पंचायतीचे ते शब्द, 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध', आणि सहकाराला सूट नाही. घटनेतच का, तर साधा कायदा ज्यांना जाचतो तेच तो बदलतात, ते एकदा बदललेलं आपण बघितलंय. घटना दुरुस्तीलाही तेच बसतात, पण तिथे दोन तृतीयांश लागतात आणि बोभाटा होतो. कलम ३९ मध्ये संपत्ती मूठभरांच्या हाती साचू नये असं लिहिलंय, ते सुंदर आहे, पण कलम ३७ म्हणतं की त्यासाठी कोर्टात जाता येणार नाही. माझे शब्द घेऊन कोर्टात जाता यायला हवं.

हे ऐकल्यावर एकजण हमखास विचारतो, "आणि मेहुण्याचं काय?"

त्याचं उत्तर माझ्या एका विद्यार्थ्याकडे आहे. ग्रामपंचायतीत निवडून आला होता. पंचायतीच्या रस्त्यावर त्याच्या नावाच्या ट्रॅक्टरनं मुरूम टाकला, बिल निघालं. विरोधी पॅनलनं कलम १४ लावून कलेक्टरकडे अर्ज केला आणि याचं सदस्यत्व गेलं. माझ्याकडे पेढे घेऊन नाही, तोंड पाडून आला. "सर, तुम्हीच शिकवलं होतं. पण मी आमदार असतो नि ट्रॅक्टर कंपनीच्या नावावर असता, तर?" मी त्याला चहा पाजला. खोटं काय सांगणार?

परवा त्या गावात गेलो होतो. आता त्याची बायको सदस्य आहे. गटारीचं काम चालू होतं, रेती त्याच ट्रॅक्टरमधून उतरत होती. आरसीबुकावर नाव मेहुण्याचं. कलमात 'अप्रत्यक्ष' हा शब्द आहे, तो याच्यासाठीच. या वेळी मात्र अजून कुणी अर्ज केलेला नाही. त्यानं मला बघितलं, लांबूनच रामराम केला आणि ट्रॉलीच्या पलीकडे गेला.