मे महिन्यात मवाळ होणारं कापड

दुपारी नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबलेल्या दुचाक्या बघा. स्कार्फ, गॉगल, सनकोट, हातमोजे. आतली व्यक्ती ओळखायची तर चपलांवरून. माझी भाची याच फौजेतली, पण तिला हौस नाही, उन्हाची ॲलर्जी आहे. ऊन लागलं की काही तासांनी दंडावर बारीक पुरळ उठतं. गोम त्या काही तासांत आहे. त्वचा तक्रार करते संध्याकाळी, तोवर दुपार उरकलेली असते.

म्हणून रंग बदलणाऱ्या कापडाचं कळल्यापासून तिला दुसरं सुचत नाही. या कापडातल्या रंगावर अतिनील किरण पडले की रेणूतलं एक बंद कडं उघडतं आणि पांढऱ्यावर जांभळा उमटतो. सावलीत कडं मिटतं, रंग जातो. "मावशी, बाही जांभळी झाली की मी आत पळणार!"

रंग बदलणाऱ्या कापडाचं आम्हाला तसं अप्रूप नाही. जिल्ह्यातच येवलं आहे. धूपछांव पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की छटा पालटते. पण ती बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी. नेसणारीच्या कातडीची काळजी तिला नाही.

1991 मध्ये अमेरिकेत हायपरकलर नावाचे टीशर्ट निघाले होते. ते उष्णतेनं रंग बदलत, त्यामुळे काखेतली गरमी जगजाहीर होई. (ही फॅशन टिकली नाही, यात नवल ते काय!) भाचीला हवं ते कापड उष्णतेकडे नाही, अतिनील किरणांकडे बघतं, आणि ते महत्त्वाचं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वाचत आपण डिसेंबरात गच्चीवर ऊन खात बसतो. अंगाला गोड लागतं, म्हणून दुपारपर्यंत हलत नाही. ऊन कडक वाटत नसलं तरी त्यात अतिनील किरण असतातच. अशा वेळी बाहीनं हटकलं तर बरंच.

पण या रंगाची एक खोड आहे. हवा तापली की उघडलेली कडी भराभर मिटतात आणि रंग फिकट पडतो. उन्हात काळा होणारा चष्मासुद्धा उन्हाळ्यात हिवाळ्याइतका गडद होत नाही, तो याचमुळे. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरात हे कापड जांभळंगर्द होणार आणि मेच्या भर बारा वाजता, जेव्हा ओरडायला हवं तेव्हाच, मवाळ. शिवाय सतत ऊन खाऊन हे रंग थकतात, ते वेगळंच.

आणि रंग बदलला म्हणजे किरण अडले असं नाही. अडवते ती वीण. कापड किती अडवतं याचं माप म्हणजे यूपीएफ. यूपीएफ 50 म्हणजे अतिनील किरणांचा फक्त पन्नासावा भाग आत येतो. पातळ पांढऱ्या सुती टीशर्टला पाच-सातच्या वर मजल मारता येत नाही, आणि घामानं भिजला की तेवढीही नाही. तेव्हा मेन रोडवरून घट्ट विणीचा, गडद सनकोट घ्यावा आणि मनगटाला या कापडाची बोटभर पट्टी शिवावी, हे माझं मत. अख्खी बाही जांभळी करून सिग्नलवरच्या सगळ्यांना आपल्या त्वचेची बातमी कशाला द्यायची?

भाचीला हे अजिबात पटलेलं नाही. तिला अख्खी बाहीच हवी आहे, आणि जांभळी नको, गुलाबी.