सही नसलेली नस्ती

सेवानिवृत्तीनंतर खासगी कंपनीत जाऊ इच्छिणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे अर्ज तपासणे हे माझ्या टेबलाचे काम आहे आणि एरवी ते कंटाळवाणेच असते. त्या दिवशीचा अर्ज मात्र ज्यांच्या हाताखाली मी टिपणी लिहायला शिकलो, त्या साहेबांचा होता. एका कंपनीने त्यांना सल्लागारपद देऊ केले होते, आणि ‘या कंपनीशी सेवाकाळात शासकीय संबंध आला होता काय’ या प्रश्नापुढे त्यांनी ठसठशीत अक्षरांत ‘नाही’ असे लिहिले होते.

त्या कंपनीला मिळालेल्या कंत्राटाची नस्ती मी मागवली. अटी शिथिल करण्याच्या प्रस्तावावर साहेबांची सही खरोखरच नव्हती. पण कनिष्ठ अधिकाऱ्याच्या टिपणीत तीन ठिकाणी ‘चर्चेनुसार सुधारित प्रस्ताव सादर’ असे शब्द होते, आणि प्रत्येक चर्चेनंतर अट कंपनीच्या आणखी सोयीची होत गेली होती. चर्चा कोणाशी झाली, हे कुठेच नव्हते. (‘चर्चेनुसार’ या शब्दाइतका भक्कम आडोसा कार्यालयीन भाषेत दुसरा नाही.) तो विभाग तेव्हा त्यांच्या अखत्यारीत होता, एवढेच कागदावरून सिद्ध होत होते.

दुपारी ते स्वतःच आले. “माझी एक सही दाखवा, अर्ज मागे घेतो.”

“सही नाही, साहेब. पण विभाग आपला होता.”

अमेरिकेच्या कायद्यात हा फरक स्पष्ट केलेला आहे: ज्या प्रकरणात अधिकाऱ्याने स्वतः भरीव भाग घेतला, त्यात सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडण्यास त्याला कायमची बंदी असते, आणि सेवेच्या अखेरच्या वर्षात जे केवळ त्याच्या अखत्यारीत होते, त्यासाठी ती दोन वर्षे असते. आमच्या नमुन्यात ‘संबंध’ हा एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ अर्जदारानेच लावायचा आहे. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग “टिपणी नीट लिहा,” एवढेच म्हणून उठले.

दोन वर्षे त्यांनी विभागाशी त्या कंत्राटाबाबत संपर्क ठेवू नये, या अटीवर परवानगी द्यावी, अशी शिफारस मी केली आणि ती मंजूर झाली. अट पाळली जाते की नाही हे पाहणारे टेबल मात्र आमच्याकडे नाही. ब्रिटनमध्ये १९७५पासून असेच अर्ज तपासणाऱ्या सल्लागार समितीलाही शिक्षेचा अधिकार नव्हता; ऑक्टोबर २०२५मध्ये ती बंदच झाली. तरीही काही महिन्यांनी मी विभागाकडे अभ्यागत नोंदवहीची प्रत मागितली. उत्तर दोन ओळींचे होते: माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांची नोंद वहीत घेण्याची प्रथा नाही.